टायगरचं मन आणि काकांची साखळी

रत्नागिरीतल्या कुत्र्यांना मन असतं, हे अलीकडे मान्य झालं आहे. पूर्वी त्यांना फक्त पोट होतं. सकाळी शिळी भाकरी, रात्री माशांची डोकी आणि मधल्या वेळात भुंकणं, एवढ्यावर कुत्र्याचा जन्म निघून जायचा. बिघडलाच तर दगड मिळायचा. आता दगडाऐवजी समुपदेशक मिळतो. पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर, रेंज असेल तर.

आमच्या आळीतल्या काकांच्या टायगरला परवा असा समुपदेशक लाभला. टायगर जातीने लॅब्रॅडॉर. लॉकडाऊनमध्ये काकांच्या मुंबईतल्या मुलाला घरी बसून करमेना म्हणून तो आला. मग ऑफिसं उघडली. गणपतीला गावी येताना मुलाने टायगरला सोबत आणलं. बाप्पांचं विसर्जन झालं, टायगरची मात्र पडवीत प्राणप्रतिष्ठा झाली. तेव्हापासून तो खांबाशी आहे. मुलगा दर रविवारी फोन करून आधी टायगरची आणि वेळ उरला तर आईबापांची चौकशी करतो.

टायगरवरचं आरोपपत्र मोठं आहे. तो रात्रभर भुंकतो, चपला खातो, पोस्टमनवर धावून जातो. आणि सर्वांत गंभीर कलम म्हणजे कलमांवर वानर उतरले की तो शेपूट हलवतो. आंब्याच्या दिवसांत कोकणात याहून मोठी फितुरी नाही. आता लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे जाळी ओढायला आणि निसटलेले मासे आणून द्यायला होते. म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवर सोडला असता तर टायगर पिढीजात धंद्याला लागला असता. पण त्याला बागेची राखण दिली. बदलीच्या ठिकाणी मन रमत नाही म्हणून सरकारी नोकर रजेवर जातात. टायगर चपला खातो.

ठरल्या वेळी कॉल लागला. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, याला फिरायला किती वेळ नेता?"

"फिरायला कशाला? घराभोवती चांगली दहा गुंठे जागा आहे."

"मग त्यात फिरतो का?"

"छे! बांधलेला असतो."

"का बरं?"

"सोडला तर फिरतो ना मेला!"

इथे रेंज गेली. ती खरोखर गेली की बाईंनी घालवली, हे सांगता येत नाही. परत आली तेव्हा काकू मध्ये पडल्या. "अहो, त्याला दृष्ट लागली असणार. शेजारणीने एकदा 'किती गोड!' म्हटलं होतं."

बाईंचं निदान साधं होतं. आधी पशुवैद्यकाला दाखवा, कारण शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला तर कानात, दातात किंवा सांध्यात दुखत असण्याची शक्यता मोठी. मग रोज दोनदा फिरवा, हुंगू द्या, एकटं ठेवू नका. गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. मार देऊन ती बंद पाडली की कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण गोळीबिळी काही नाही का?"

टायगरच्या बाबतीत हा पहिला उपाय नव्हे. त्याआधी एक ट्रेनर येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, टायगरला आपण घरचा कर्ता आहोत असं वाटतं; तुम्ही 'अल्फा' व्हा, त्याला पाठीवर पाडा. या अल्फाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात अनोळखी लांडगे एकत्र कोंडले, ते भांडले, आणि त्यावरून रुडॉल्फ शेंकेलने १९४७ मध्ये त्यांच्या वर्चस्वाबद्दल लिहिलं. डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या पुस्तकातून ती कल्पना जगभर नेली. पुढे जंगलातले लांडगे जवळून पाहिल्यावर त्यानेच सांगितलं की हे चुकलं. कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, दुसरं काही नाही. शास्त्रज्ञाने शब्द मागे घेतला, ट्रेनरने फी घेतली. शिवाय कोकणातल्या घराचा कर्ता कोण, हे माणसांनाच जिथे ठाऊक नसतं, तिथे कुत्र्याला कुठून कळणार? सातबाऱ्यावर बत्तीस नावं आहेत. तेहतिसावा व्हायची हौस टायगरला कशाला असेल?

या धंद्यातली गंमत अशी की पशुवैद्यकाला १९८४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, समुपदेशकाला पाटी लागते. चार पुस्तकं वाचलेला आणि चार रील पाहिलेला अशा दोघांची पाटी सारखीच दिसते. पुण्याच्या बाई पहिल्या प्रकारातल्या निघाल्या हे काकांचं दुर्दैव, कारण दुसऱ्या प्रकारातल्याने साखळीबद्दल विचारलं नसतं. गळ्यात घालायला एखादा महागडा पट्टा विकला असता आणि सगळे सुखी झाले असते.

साखळीबद्दल मात्र कायद्याने पुण्याच्या बाईंच्या कितीतरी आधी विचारलेलं आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा. पुढचं पोटकलम तर खास कुत्र्यांसाठी: ज्याला नेहमी बांधून ठेवता त्याला पुरेसा व्यायाम दिला नाही, तर मालक दोषी. म्हणजे फिरायला नेणं हा लाड नव्हे, ते साठहून अधिक वर्षांपासूनचं कायदेशीर कर्तव्य आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. मोसमाच्या सुरुवातीला एवढ्यात एक हापूसही येत नाही. काकांना हे सांगितल्यावर ते हिशेब करून म्हणाले, "समुपदेशनापेक्षा गुन्हा स्वस्त पडतो."

आणि तरी आम्ही निर्दय नाही हो. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं, तेव्हा फराळ टाकून माणसं धावली. त्याच्या अंगावर पाणी ओतलं, सुमारे चाळीस तास खटपट केली, बोटीने ओढून त्याला खोल समुद्रात नेऊन सोडलं. ते वाचलं नाही, पण प्रयत्नांत कसूर नव्हती. मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांची अंडी राखायला अख्खा गाव उभा राहिला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ते काम धरलं. कोकणी माणूस प्राण्यावर जीव टाकतो, फक्त प्राणी पाण्यातून आलेला आणि पाण्यात परत जाणारा हवा. पडवीत राहणाऱ्याचं मात्र दुखणं होतं. काका स्वतः त्या दिवाळीत पुळ्याला बादली घेऊन उभे होते. घरी टायगरचं भांडं कोरडं होतं, हे काकूंनी मागाहून सांगितलं.

मारुती मंदिराजवळच्या बेवारस मंडळींना अर्थात समुपदेशन लागत नाही. ती दिवसभर फिरतात, हुंगतात, दुपारी दुकानांच्या सावलीत एकमेकांना टेकून झोपतात. पुण्याच्या बाई जे जे सांगतात ते सगळं त्यांच्याकडे आहे, फक्त लस आणि नसबंदी सोडून. ती द्यायची जबाबदारी कुत्र्यांची नव्हे. नसबंदीच्या २०२३ च्या नियमांनी ती स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. या कुत्र्यांच्या वागणुकीचा विचार थेट सर्वोच्च न्यायालयात झाला. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतल्या सगळ्यांना निवाऱ्यात डांबा, २२ ऑगस्टला नसबंदी आणि लस देऊन जागेवर सोडा, ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातून उचला आणि तिथे परत सोडू नका. कुत्र्यांना वाचता येत नाही हे बरं. नाहीतर खरंच मन बिघडलं असतं.

टायगरचा दुसरा कॉल पुढच्या रविवारी आहे. मुलाने मुंबईतून पैसे भरले आहेत आणि काकांनी पडवीतली साखळी बदलून नवी, गंज न धरणारी आणली आहे, बाईंना कॅमेऱ्यात बरी दिसावी म्हणून.

तुमच्याही पडवीत असा कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्याला दोरीने धरून भाट्याच्या पुळणीवर तासभर नेऊन आणा. हुंगेल तिथे थांबा, ओढू नका. रेबीजची लस राहिली असेल तर उद्या सकाळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, कारण त्या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणसालाही उपाय उरत नाही. एवढं महिनाभर करून त्याचं भुंकणं थांबलं नाही, तर मग पुण्याला फोन लावा.