आकाश एचएएलचं, वारा मुलकीचा

एचएसआर लेआउट, सेक्टर दोन,
बंगळूर

ती. बाबा व ती. आई,

फोन असताना कागदावर लिहितेय, कारण ज्याच्याबद्दल सांगायचं तोच फोनवर शेजारी बसून ‘हो ना, हो ना’ करत असतो.

बाबा, तुम्ही मालवणच्या बाजारात ‘झील परदेशात असता’ असं सांगता आणि आई लगेच ‘बंगळूरला हो’ म्हणून दुरुस्त करतात. माझ्या मते तुमचंच बरोबर आहे. इथे घरमालकांशी कानडी, दूधवाल्याशी तमिळ, कामाला येणाऱ्या मावशींशी हिंदी बोलावं लागतं. आता घरातही नवी भाषा आली आहे, कारण तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे मंदारने, ड्रोन घेतलाय.

घाबरू नका, लहानसाच आहे, आईंच्या मिसळणाच्या डब्यात मावेल एवढा. वजन 250 ग्रॅमच्या आत. सरकारने 2021 च्या ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम काढले, त्यात एवढ्याशा यंत्राला ‘नॅनो’ म्हणतात आणि ते उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. एवढं एक वाक्य मंदारने पाठ केलं. पुढची मी वाचली.

पुढे असं आहे की चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत थेट जमिनीपासूनच परवानगी लागते. प्रवासी विमानं 2008 मध्ये देवनहळ्ळीला गेली खरी, पण एचएएलचा जुना विमानतळ अजून चालू आहे आणि तो आमच्या गच्चीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनच्या नकाशात हिरवा पट्टा म्हणजे मोकळं रान, तेही 400 फुटांपर्यंतच, म्हणजे साधारण 120 मीटर. आमची गच्ची त्या हिरव्यात नाही. सत्ताविसाव्या मेनवर कॉफी प्यायला गेलं तर शेजारच्या टेबलावर कोणीतरी हमखास ड्रोनची कंपनी काढत असतं, पण घेतलेला ड्रोन उडवायला एचएसआरमध्ये आकाश मिळत नाही. मग काय, रात्रीची बस पकडून शिराडी घाटातून साडेतीनशे किलोमीटर लांब मुलकीला.

बाबा, हा किनारा तुम्हाला आवडेल. मुलकीजवळ ससिहित्लू म्हणून गाव आहे. नंदिनी आणि शांभवी या दोन नद्या तिथे समुद्राला मिळतात. मुलकीत 2004 पासून मंत्रा सर्फ क्लब आहे आणि 2016 साली ससिहित्लूला इंडियन ओपन ही सर्फिंगची स्पर्धासुद्धा झाली. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं, असा हा खेळ. मी उभी राहिले का, हे आईंनी विचारू नये. मी फळीवर पालथी पडून छान आले.

पहाटे आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. शाळेतले मतलई वारे! सर्फ करणाऱ्यांना हाच वारा हवा असतो, कारण तो लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे लाट गुळगुळीत राहते आणि उशिरा फुटते. सगळे खूश, मंदार तर फारच. ड्रोन समुद्रावर असा भुर्रकन गेला की जणू त्याला तिकडे नोकरी लागली होती. तेवढ्यात आम्हाला शिकवणारा तुळू मुलगा शांतपणे म्हणाला, ‘दादा, जाताना वारा ढकलतोय. येताना तोच अडवेल. बॅटरी अर्धी व्हायच्या आधी वळवा.’ मंदारने वळवला, आणि खरंच, जाताना क्षणात कापलेलं अंतर येताना रडतखडत कापलं. होडीवाले मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हे तुम्ही किती वेळा सांगितलंय. ‘वारो खयसून येता तां पयला बघ’ हे तुमचं वाक्य ड्रोनच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला हवं. तिथे सध्या चार्जर कसा लावावा हे आहे.

शेजारच्या होमस्टेमध्ये एक हौशी पाहुणे होते, त्यांचा ड्रोन आमच्यापेक्षा मोठा. त्यांनी तो ओल्या वाळूवरून, अगदी पाण्याच्या कडेने सोडला आणि लाटेवर असलेल्या एका मुलीच्या तोंडासमोर नेला. बिचारीने मान वर केली आणि फळीचं नाक पाण्यात घुसलं. फळी दोरीने घोट्याला बांधलेली असते, ती उसळून तिच्याच खांद्यावर आपटली. सुदैवाने नुसतं खरचटलं. शिकवणारी पोरं त्या पाहुण्यांशी तुळूत जे बोलली ते सगळ्या किनाऱ्याला समजलं. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या जो सगळ्यात जवळ त्याची ती लाट, दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही, असा यांचा कायदा आहे. ड्रोनने बाजूने आणि अंतर राखून चालावं, डोक्यावर नाही, हे त्याच कायद्याचं पोटकलम.

पण पाहुण्यांचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता. बॅटरी उतरली की ड्रोन आपणहून सुटल्या जागी परत येतो. तो इमाने इतबारे आला, पण एव्हाना भरती चढली होती आणि त्या जागी गुडघाभर पाणी होतं. पाहुणे पँट न दुमडताच धावले. आम्ही आमचा चटईवरून, वर कोरड्यात सोडला होता, म्हणजे मोटरमध्ये वाळूही जात नाही. हे श्रेय मंदारचं, तेवढं द्यायला हवं. मग एक ब्राह्मणी घार वर घिरट्या घालू लागली तेव्हा त्याने मुकाट्याने यंत्र उतरवून डब्यात ठेवलं. घारीला परवानगी लागत नाही.

मला सगळ्यात पटलं ते निराळंच. मंदारने उडवायच्या आधी पाण्यातल्या प्रत्येकाला विचारलं. दोघी मुली नको म्हणाल्या, तर त्या बाहेर येईपर्यंत थांबला. पलीकडे जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनाही विचारलं. त्यांनी आधी डब्यात काय आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या होडीवरून एक फेरी मारायला लावली आणि नातवाच्या फोनवर व्हिडिओ मागून घेतला. नियमांच्या पुस्तकात पट्टे आहेत, फूट आहेत, किलोमीटर आहेत. किनाऱ्यावर कोण अंघोळ करतंय, कोणाच्या घरात सुतक आहे, कोणाला आपला चेहरा इंटरनेटवर नको आहे, हे त्या नकाशात कसं दिसणार?

मे महिन्यात आम्ही येतोय आणि हा डबाही येतोय. वाटेत कारवारला थांबून उडवू, असं चाललं होतं. तिथे नौदलाचा कदंब तळ आहे आणि तळाच्या हद्दीपासून 3 किलोमीटरच्या आत ड्रोन दिसला तर नौदल तो पाडू शकतं, हे सांगितल्यावर कारवारला फक्त जेवायचं ठरलं. सिंधुदुर्ग किल्ल्यावरूनही नाही, ते संरक्षित स्मारक आहे, आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. राहिली रापण. ते जाळं किनाऱ्याकडे ओढताना वरून बघायची मंदारची फार इच्छा आहे. बाबा, रापणकरांच्या कानावर तुम्हीच आधी घाला. नको म्हणाले तर तो डबा खरंच मिसळणाच्या कामी येईल.

आईंना सांगा, कोकमं संपत आली आहेत.

तुमची,
मधुरा

ता. क. घरमालकांना सुगावा लागलाय. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे का, ते ‘स्वल्प’ वरून बघून द्या म्हणतात. मी एचएएलचं नाव सांगितलं आणि शिडी आणून दिली.