रिसेल व्हॅल्यूवाल्या शेठना

कामशेतपासून कार्ला फाट्यापर्यंत होर्डिंग लावणारे प्लॉटवाले शेठ,

तुमच्या होर्डिंगवर एक्स्प्रेसवे आहे, पवना धरण आहे, तिकोना आहे, ‘पाच वर्षांत दुप्पट’ आहे. गट नंबर कुठे आहे? सातबारा कुठे आहे?

मुंबईचा निवृत्त माणूस फंडाचे पैसे घेऊन मावळात येतो, तेव्हा उद्या मुलांना हे घर विकावं लागलं तर विकलं जाईल ना, हे तो आधी विचारतो. त्याची ही काळजी तुम्ही अचूक हेरलीत आणि तिच्यावरच दुकान मांडलंत. शाब्बास!

अहो, दुसरं गिऱ्हाईक डोंगर बघून पैसे देत नाही. ते वकील घेऊन येतं. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, म्हणून तुम्ही दहा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवता आणि फक्कीने हद्दी आखून देता. पुढे एकाला विकायचं झालं की वकील बाकी नऊ जणांच्या सह्या मागतो. कोणी नाशिकला, कोणी अमेरिकेत, कोणी वारलेला आणि वारसनोंद नाही. ‘एनए होतंय’ हे तुमचं पालुपद. ते होईपर्यंत जमीन शेतीचीच, आणि शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ती परवानगीशिवाय घेता येत नाही. मग दुप्पट भाव देणार कोण?

साइट तुम्ही दाखवता जानेवारीत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये तिथलाच एखादा बंगला उघडून दाखवा: पश्चिमेच्या भिंतीला हाताएवढे पोपडे, गाद्यांना बुरशी, स्विचबोर्डातून ठिबकणारं पाणी. आणि तुमचे प्लॉट पडलेत कुठे? भातखाचरात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरांत पिकतो, ती पाणी धरून ठेवायलाच बांध घालून केलेली असतात. वर चार डंपर मुरूम टाकला म्हणून जुलैचं पाणी वाट बदलत नाही; ते जोत्याशी येऊन उभं राहतं. जमीन विकलेला शेतकरी हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतो. गिऱ्हाइकापर्यंत ते पोचत नाही, कारण मध्ये तुम्ही उभे असता.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. २०१७ पासून हा नियम लागू आहे. तो नंबर होर्डिंगवर तिकोन्याएवढा मोठा छापा.

आणि घर घेणाऱ्यांनो, टोकन देण्याआधी सातबारा, फेरफार आणि एनएचा आदेश स्वतःच्या वकिलाला दाखवा, शेठच्या नव्हे. मग भर जुलैत एकदा साइटवर जा आणि शेजारच्या खाचरात लावणी करणाऱ्याला विचारा, इथे पाणी कुठवर चढतं.