पोफळीस बंदर असते तर

क्रूझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलपर्यटनात प्रवास जहाजाचा आणि मुक्कामही जहाजातच, अशी व्यवस्था असते; सकाळी ते एखाद्या बंदराला लागते, तीन-चार हजार माणसे किनाऱ्यावर सोडते आणि दिवेलागणीपूर्वी ती सर्व मोजून परत घेऊन पुढे निघते, या व्यवहारास बंदरभेट म्हणतात. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील कोझुमेल, काबो सान लुकास, एन्सेनाडा ही गावे अशा भेटींच्या वेळापत्रकावर दुकाने उघडतात आणि मिटतात. चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव मात्र कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून चांगलेच आत वसलेले असल्यामुळे पर्यटनाच्या अभ्यासकांनी बंदरांच्या यादीत त्याचा विचारच केलेला नाही, आणि ही त्यांची गैरसमजूत आहे.

बंदरभेटीचे कारण गावाचे सौंदर्य हेच असते, असा माहितीपत्रकांचा दावा असला तरी एन्सेनाडाचा दाखला वेगळे सांगतो. अमेरिकेत १८८६ साली झालेल्या एका कायद्याप्रमाणे परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकी बंदरात उतारू घेऊन, एकाही परक्या बंदराला न शिवता, त्यांना अमेरिकेतच परत उतरवता येत नाही. बहुतेक क्रूझ जहाजांची नोंदणी बहामा, पनामा अशा देशांत झालेली असल्यामुळे लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या जहाजाला सरहद्दीपलीकडचे हे बंदर सोयीचे पडते, आणि नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवावे तितक्याच भक्तीने ते तेथे जाऊन येते. मेक्सिकोचे सरकारही बरीच वर्षे या पाहुण्यांना ‘वाटेवरचे प्रवासी’ समजून प्रवेशशुल्क माफ करीत असे, म्हणजे खाऊनपिऊन, फिरून, उन्हाने लाल होऊन परतलेला गृहस्थ शुल्काच्या हिशेबात देशात आलेलाच नसे. २०२५च्या जुलैपासून त्यास माणशी ५ डॉलर आकारून, तो येऊन गेल्याची दखल घेण्यात आली.

न आलेल्या माणसाची खरेदी मात्र दांडगी असते. कोझुमेलच्या धक्क्याजवळ टांझानाइट नावाचा निळसर जांभळा खडा मोठ्या प्रमाणावर विकला जातो. हा खडा साऱ्या पृथ्वीवर फक्त आफ्रिकेतील टांझानियात, तोही किलिमांजारोच्या परिसरातील एका लहानशा पट्ट्यात सापडतो, तेव्हा मेक्सिकोची आठवण म्हणून तो का न्यावा हा प्रश्न विचारवंतांना पडेल. महामार्गाच्या कडेला कर्नाटकच्या आंब्याची पेटी ‘अस्सल देवगड’ म्हणून डोळे मिटून घेणाऱ्या मराठी प्रवाशाला तो पडणार नाही.

कोकणाला बंदरभेट नवी नाही, एवढेच की तिचे नाव पूर्वी ‘बोट लागणे’ असे होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदरे घेत दक्षिणेकडे जाई, आणि बहुतेक ठिकाणी तिला धक्क्याशी येण्याइतके पाणी नसल्यामुळे ती खोल पाण्यात उभी राही व उतारूंना पडावातून, म्हणजे रुंद तळाच्या मोठ्या होडीतून, किनाऱ्यावर आणले जाई. काबो सान लुकासला आजही मोठी जहाजे नांगर टाकून लांब उभी राहतात आणि माणसे लहान बोटींतून आणतात. या बोटींना तेथे टेंडर म्हणतात, त्यांना छप्पर असते, आणि ट्रंक, वळकटी, रडणारे मूल व बोट लागून अर्धमेली झालेली आत्या हे सर्व हलत्या शिडीवरून एकदम खाली सोडण्याचे कसब त्यांच्या खलाशांना अवगत नाही. शिवाय कोकणच्या उतारूची वाट पाहायला किनाऱ्यावर कोणीतरी आलेले असे, आणि तो संध्याकाळच्या आत परत जाणार नाही याची त्यालाही पुरेपूर कल्पना असे. २०१८ साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाचे क्रूझ जहाज सुरू झाले, तेव्हा कान्होजींच्या घराण्याचे नाव धारण करून ते आंग्र्यांच्या साऱ्या मुलखासमोरून रात्रीत निघून जाई. वाटेतले कोकण हा निजण्याचा भाग होता.

आता पोफळीकडे वळावे. येथे १९६२ पासून एक प्रवासी अखंड येतो व क्षणभरही न रेंगाळता जातो, तो म्हणजे कोयनेचे पाणी. घाटमाथ्यावरील शिवाजीसागरातून ते बोगद्यात शिरते, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते, डोंगराच्या पोटात खोदलेल्या वीजगृहातील जनित्रे फिरवते, पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात जाऊन पुन्हा वीज करते आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीकडे रवाना होते. हे पाणी मुळात कऱ्हाडला कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराला जायचे. त्याने वर्षाकाठी ६७.५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, इतकेच अरबी समुद्राकडे वळावे असे कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिले आहे. म्हणजे कायद्याच्या अटीने येणारा, गाव न पाहता जाणारा आणि ठरल्या वेळी समुद्राला लागणारा पाहुणा पोफळीनेही पाहिला आहे. फरक इतकाच की हा काही विकत घेत नाही, उलट काम करून जातो.

दाभोळजवळ नांगरलेल्या एखाद्या कल्पित जहाजाने पोफळीची सहल काढलीच, तर तिची आखणी करणे मात्र अवघड आहे. गावातील सर्वांत मोठी प्रेक्षणीय वस्तू जमिनीखाली असून तिच्या दर्शनाला परवानगी लागते, पूर्वी ती काढून शाळांच्या सहली येत आणि विद्यार्थी मुख्यतः डबा कोठे उघडायचा याची चौकशी करीत. ढग उतरलेला कुंभार्ली घाट आणि ओढ्याओढ्यांतून धावणारे पाणी पाहावे ते आषाढ-श्रावणात, तर त्या दिवसांत कोकणच्या बोटी बंद ठेवण्याची रीत होती. साहजिकच पाहुणे एप्रिलच्या भर दुपारी येतील, रस्त्याचा वेळ वजा जाता त्यांना पाऊण तास मिळेल, त्यातला निम्मा वडापाव तळून येण्यात जाईल, आणि वीज तयार होते त्या गावात पंखा का बंद आहे, हे दुभाष्याला समजावून सांगावे लागेल.

शेवटचा मुद्दा उशिरा येणाऱ्यांचा. एसटीचा वाहक माणसे मोजतो, एक कमी भरल्यास खाली उतरून काकांना हाक मारतो आणि मगच डबल बेल देतो. जहाज आपल्या स्वतःच्या सहलीपुरते थांबते, एरवी मागे राहिलेल्याने स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावे असा त्याचा नियम आहे. पोफळीस चहाच्या दुसऱ्या कपासाठी मागे राहिलेल्या पाहुण्यास चिपळूणहून गोव्याची गाडी दाखवता येईल, पण मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम ज्या गतीने चालत आले आहे ती पाहता, जहाज मुरगावला आधी पोहोचून त्याची वाट पाहत बसण्याची शक्यता अधिक, आणि थांबायचे नाही हा तर त्याचा नियम.