नंदीभाऊ, उत्तेजनार्थ

तान्हा पोळा हा लहान मुलांचा सण आहे, हा समज विदर्भाबाहेर अजून टिकून आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धोतर-पागोटे घातलेली, काजळाच्या मिशा काढलेली पोट्टी लाकडी नंदीला दोरी बांधून ओढत नेतात, घरोघरी नंदीची पूजा करून घेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हे चालत आले आहे, असे सांगतात. सगळे खरे. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला चाकांवर जो नंदी उभा असतो, त्याच्या शिंगांपासून खुरांपर्यंतचे काम पोराच्या हातचे नसते. त्यामागे एक बाप असतो. तो चंद्रपूरच्या प्रत्येक गल्लीत असतो. मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीतही असतो. आमच्या तुकूममध्ये त्याला नंदीभाऊ म्हणतात.

नंदीभाऊ ओळखायला सोपा. आषाढ लागला की त्याच्या नखांच्या कडा पांढऱ्या होतात. श्रावणात तो कुणाशी हात मिळवत नाही. टर्पेंटाइनचा वास त्याच्या आधी आपल्या दारात येतो. एरवी तो कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टांचा हिशेब ठेवतो. घरची धानाची शेती खाणीत गेली, तिच्या बदल्यात नोकरी लागली, आणि बांधायला गोठा उरला नाही म्हणून बैलजोडी विकली. हे तो एका वाक्यात सांगून टाकतो. लाकडी बैलाबद्दल मात्र बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो.

पोळ्याच्या आधी गोल बाजारात तयार नंदी मांडलेले असतात. पांढरेशुभ्र, गुबगुबीत, लाल ओठांचे, मिठाईच्या जाहिरातीत काम मिळेल असे. नंदीभाऊ त्यांच्यापुढून जाताना मान फिरवतो. ‘हा बैल नाही, हा जावई हाय,’ एवढेच म्हणतो.

त्याचा नंदी सिंदेवाहीकडच्या सुताराकडून येतो, तोही कोरा. लाकूड कोणते, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. एक पक्ष सागवानवाल्यांचा. मार्च 2023मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून सागवानाची मिरवणूक निघाली, तेव्हापासून या पक्षाचा आवाज चढला आहे. ज्याच्या त्याच्या नंदीचे लाकूड आता त्याच लॉटमधले असते. नंदीभाऊ दुसऱ्या पक्षात, आणि त्या पक्षात तो एकटाच. त्याला शिवण लागते. शिवण हलकी, कोरायला मऊ, आणि रंग धरणारी. सागाच्या अंगातच तेल असते, त्यावर रंग नीट बसत नाही. ‘सागाचं दार करा जी,’ तो म्हणतो, ‘दाराले कुठं नाकपुडी असते?’

पुढची कामे क्रमाने होतात आणि क्रम मोडलेला त्याला खपत नाही. आधी पॉलिश पेपर, जाड नंबरापासून बारीकपर्यंत. मग लांबी भरायची. मग पुन्हा पेपर. मग प्रायमर. मग पुन्हा पेपर, कारण प्रायमरने लाकडाचे बसलेले तंतू उभे केलेले असतात. इथवर येताना महिना जातो, आणि महिनाभराच्या शेवटी जे हाती येते ते महिन्याच्या सुरुवातीला होते त्याहून जास्त कोरे दिसते. बायको विचारते, ‘काम चालू झालं का जी?’ हा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागतो.

रंग देण्याची रीत मात्र त्याने इंग्लंडहून आणली आहे. म्हणजे त्याचा भाचा तिकडे नोकरीला आहे आणि तोही हेच करतो. फरक एवढाच, की भाच्याचे शिपाई 28 मिलिमीटरचे असतात, पायापासून डोळ्यापर्यंत मोजले तर बोटाच्या पेराएवढे. 1983मध्ये गेम्स वर्कशॉप नावाच्या कंपनीने वॉरहॅमर हा युद्धाचा खेळ काढला. आज तिचे मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे आणि जगभरची पगारदार माणसे रात्री जागून तिचे राक्षस आणि शिपाई रंगवतात. त्याच्याही कितीतरी आधी, 1913मध्ये, एच. जी. वेल्ससारख्या कादंबरीकाराने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर नियमांसकट पुस्तक लिहिले. भाच्याने हे सगळे व्हिडिओ कॉलवर सांगितले. नंदीभाऊ ऐकत राहिला आणि शेवटी त्याने विचारले, ‘म्हणजे तिथंबी पोराच्या नावावर बापच रंगवते?’

‘नाही मामा. इथं मोठी माणसं स्वतःच्याच नावावर रंगवतात, स्वतःच खेळतात.’

‘अन् लोक काही म्हणत नाहीत?’

या धक्क्यातून तो अजून सावरलेला नाही. पण भाच्याने दिलेले दोन मंत्र त्याने पाठ केले. पहिला, रंगाचा एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात द्यायचे. जाड रंगाने कोरीव काम बुजते. दुसरा, अंगावर पातळ केलेला गडद रंग सोडायचा, म्हणजे तो घड्यांमध्ये आणि खाचांमध्ये जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. हा दुसरा मंत्र ऐकून नंदीभाऊ म्हणाला, ‘आमच्याकडं याले मळ म्हणतात. तो काढाले आम्ही बैल नदीवर नेत होतो.’

इंग्लंडात सांगितलेले चंद्रपुरात चालेलच असे नाही. पोळा श्रावणाच्या अमावास्येला, म्हणजे ऐन पावसात. कोरड्या दिवसांत ऑइल पेंट रात्रीतून हाताला लागेनासा होतो. श्रावणात त्याला बोट लावले की तीन दिवसांनीही बोटाचा ठसा मिळतो. नंदीभाऊने नंदी फ्रिजवर ठेवून पाहिला, देवघरात समईजवळ ठेवून पाहिला, एकदा तांदळाच्या कोठीत ठेवला. त्या आठवड्यात घरच्या भाताला जो वास आला त्याची चर्चा अजून होते. शेवटी एका दुपारी ऊन पडले म्हणून नंदी गच्चीवर गेला. कोळशाच्या गावातली हवा ती. संध्याकाळी खाली आणला तेव्हा पांढऱ्या ओल्या रंगावर करडी भुकटी बसली होती, मानेच्या पोळीत जास्त, पाठीवर कमी.

बायकोला वाटले आता हा जेवणार नाही. नंदीभाऊ मात्र नंदीकडे बघत बसला. कामाच्या बैलाच्या मानेवर जो भुरा रंग असतो, हुबेहूब तो आला होता. मळ इंग्लंडात बाटलीत विकत मिळतो, आपल्याकडे तो आकाशातून पडतो, हे त्याने भाच्याला फोन करून कळवले. पुढच्या वर्षी त्याने तीच किमया मुद्दाम करायचे ठरवले आणि नंदी आठ दिवस गच्चीवर ठेवला. आठही दिवस पाऊस पडला.

यातून निभावले तरी डोळे राहतातच. गणपती करणारे डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी करतात आणि ते काम मुख्य कारागीर स्वतःच्या हाती ठेवतो. नंदीभाऊ दरवर्षी एका मूर्तिकाराकडे जातो आणि दरवर्षी तो मूर्तिकार हात जोडतो, कारण गणेश चतुर्थी तीन-चार दिवसांवर आलेली असते आणि त्याच्या मांडवात शेकडो गजानन डोळ्यांसाठी रांगेत उभे असतात. ‘भाऊ, देव आंधळे बसून राह्यले, तुमच्या बैलाचं काय घेऊन बसले?’

मग नंदीभाऊ घरीच आखणी करतो. त्यासाठी बायकोच्या आयलायनरचा ब्रश लागतो. तो बाजारातल्या कुठल्याही झिरो नंबरपेक्षा बारीक असतो, आणि हरतालिकेला बायकोला तो हवा असतो, म्हणजे भांडणाला मुहूर्तही ठरलेला. आखणीच्या रात्री पंखा बंद. टीव्ही बंद. पोराने कूस बदलायची नाही. नंदीभाऊ श्वास रोखतो, ब्रश टेकवतो, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देतो. एका वर्षीच्या नंदीचा उजवा डोळा म्हणून वर, छताकडे लागलेला होता. तो पुसायला काडीवर टर्पेंटाइन घेतले, तर डोळ्याबरोबर पापणी गेली, पापणीबरोबर कपाळ. ‘पोराच्या अभ्यासाले कधी इतका वेळ देला का जी?’ बायको आतून विचारते. त्याला उत्तर देता येत नाही, कारण तो श्वास रोखून असतो.

आता मंडळाची नंदी सजवण्याची स्पर्धा. मांडवाला आंब्याचे तोरण, लाउडस्पीकर, आणि परीक्षक म्हणून एक चित्रकलेचे सर, एक माजी पदाधिकारी आणि एक असे गृहस्थ ज्यांनी बक्षिसे दिलेली असतात. 2023च्या तान्ह्या पोळ्याला चांद्रयान उतरून महिनाही झाला नव्हता. त्यामुळे मांडवात पाच नंदी चंद्रावर उभे होते. एकाच्या वशिंडातून रॉकेट निघत होते. एकाच्या शिंगांना दिव्यांच्या माळा होत्या आणि पोटात स्पीकर. एकाच्या झुलीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असे लिहिलेले होते आणि तो नंदी अर्थातच सागवानी होता.

या सगळ्यांत नंदीभाऊचा नंदी उभा होता. अंगाने लहान, पोट वर ओढलेले, रंग मळकट, खूर काळे आणि घट्ट. झूल साधी, शिंगांना थोडा बेगड. परीक्षक त्याच्यापुढे थांबले. सरांनी चष्मा काढून पुसला.

‘बैल जरा कुपोषित वाटते नाही?’

नंदीभाऊला याच वाक्याची वाट पाहायची सवय झाली आहे. तो पुढे झाला. ‘सर, तुमच्या मनात हाय तो गवळाऊ. तो वर्ध्याकडचा. हा कठाणी हाय. आपल्या धानपट्ट्यातला, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतचा. कर्नालच्या जनावरांच्या जातींच्या राष्ट्रीय ब्युरोत याची वेगळी जात म्हणून नोंद हाय. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल असते, तिथं तुमचा तो मोठा बैल फसते. हा लहान हाय म्हणून चालते.’

सर म्हणाले, ‘माहिती चांगली आहे.’ मग त्यांनी पोराला विचारले, ‘बाळा, नंदी कुणी रंगवला?’ पोराने बापाकडे पाहिले आणि घरून ठरल्याप्रमाणे ‘मी’ म्हणाला. पहिले बक्षीस रॉकेटला गेले. नंदीभाऊला उत्तेजनार्थ एक स्टीलचा डबा मिळाला. त्याच्या घरी धान्य, डाळी, शेंगदाणे सगळे उत्तेजनार्थच भरलेले असते.

मग माणूस हे करतो कशाला? याचे उत्तर त्या संध्याकाळी मला मिळाले. नंदीभाऊची म्हातारी आई गावाहून आली होती. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, आयुष्यभर बैलांचे शेण काढलेले. पोराने नंदी तिच्यापुढे आणला. तिने ओवाळले, हळद-कुंकू लावले, आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाली, ‘हा तं आपला भुऱ्या.’ विकलेल्या जोडीतला एक. नंदीभाऊ काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. म्हातारीने नंदी आणखी जवळ ओढला. ‘पण त्याचं डावं शिंग खाली होतं. तू वर काऊन केलं?’

चित्रकलेच्या सरांनी दिलेल्या कुठल्याही गुणांपेक्षा ही चूक त्याला मोठी वाटली, आणि ती दाखवणाऱ्या डोळ्यांचा केवढा अभिमान वाटला! त्याच रात्री त्याने शिंग कापून नवे बसवायला घेतले. सण संपला होता, नंदी आता वर्षभर माळ्यावरच जाणार होता, याने त्याला काही फरक पडला नाही.

मंडळाने एक वर्ष वेगळा प्रयोग केला. हा माणूस स्पर्धेत असेपर्यंत भाषण चुकत नाही, तेव्हा त्यालाच परीक्षक करू, असे ठरले. नंदीभाऊ टेप आणि भिंग घेऊन मांडवात आला. त्याने शिंगे मोजली, खूर उलटे करून पाहिले, एका नंदीच्या तोंडात वाकून पाहिले आणि ‘हा दोन दाती, मग वशिंड इतकं कसं?’ असे त्याच्या सहा वर्षांच्या मालकाला विचारले. पोरगे रडू लागले. निकालपत्रात पहिला क्रमांक रिक्त, दुसरा रिक्त, तिसराही रिक्त, आणि सर्वांना उत्तेजनार्थ. आपल्या हयातीत त्याने एवढे न्याय्य काम दुसरे केले नसेल. मंडळाने मात्र पुढच्या वर्षी त्याला सन्मानाने परत स्पर्धकांत बसवले.

आता अडचण वेगळीच आली आहे. स्पर्धा बारा वर्षांखालच्यांसाठी, आणि नंदीभाऊचा पोरगा नववीत गेला. त्याला काजळाची मिशी लागत नाही, खरी येऊ घातली आहे. दोरी धरून गल्लीत फिरायला त्याने साफ नकार दिला. भाचा म्हणाला, ‘मामा, आता स्वतःच्या नावावर उतरा.’ नंदीभाऊने दोन दिवस विचार केला. इंग्लंडात काहीही चालत असेल, पण तुकूममध्ये पन्नाशीच्या माणसाने नंदी ओढत बोजारा मागितलेला चालेल का, याबद्दल त्याची खात्री होईना.

शेवटी तो आमच्याकडे आला आणि आमच्या धाकट्याला मागू लागला, एका दिवसापुरता. धाकटा दुसरीत आहे, पण व्यवहार जाणतो. त्याने नंदीकडे पाहिले, शिंगे नीट आहेत का विचारलेसुद्धा नाही, आणि अटी सांगितल्या. नंदी रंगवला कुणी असे विचारले तर ‘मी’ म्हणायचे वेगळे पैसे पडतील. बोजारा सगळा आपला. आणि डबा मिळाला तर तो काकांनी घेऊन जायचा. नंदीभाऊने जागच्या जागी होकार दिला.