अर्धा एचपी, सहा तारा

ज्याला वाजवता येतं त्याने गिटार दुरुस्त करू नये, असं कळसाडीच्या अप्पांचं स्पष्ट मत आहे. वाजवणारा माणूस चार तारा सुरात लागल्या की वाजवतच बसतो आणि काम तसंच राहतं. अप्पांना सारेगमसुद्धा येत नाही. त्यामुळे त्यांच्या हातचं काम कधी राहून जात नाही. ते सतत चालू असतं.

अप्पा हे एकाच माणसाचं नाव समजू नका. खानदेशात जिथे बोअर आहे तिथे एक अप्पा आहे. पपईला, केळीला, उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते, आणि मोटर जळायची ती नेमकी वैशाखातच जळते. मग पत्र्याच्या टपरीत, वार्निशच्या वासात, जळक्या तांब्याच्या ढिगाऱ्यात अप्पा बसलेले असतात. टपरीवर पाटी असते: ‘येथे सर्व प्रकारच्या मोटारी रिवाइंडिंग करून मिळतील.’ यातलं ‘सर्व प्रकारच्या’ आमच्या अप्पांनी फारच मनावर घेतलं आहे. कूलर, मिक्सर, देवळातला विजेवर वाजणारा नगारा, असं सगळं त्यांच्या हातून गेलं आहे. नगारा दुरुस्तीनंतर इतका वेगाने वाजायचा की आरती म्हणणाऱ्यांना धाप लागायची. पण वाजायचा, हे विरोधकही मान्य करतात.

गिटार आली ती युरियाच्या गोणीतून. बँडवाल्या भाऊंनी ती काउंटरवर ठेवली आणि नजर दुसरीकडे वळवली. एके काळी हीच लाल गिटार बँडच्या गाडीवर सगळ्यात पुढे असायची. मग कीबोर्ड आला, त्यात गिटारचा आवाज फुकट होता. पाठोपाठ डीजे आला, त्यात सगळ्यांचेच आवाज फुकट होते. गिटार माळ्यावर गेली. तिथे उंदरांनी आतल्या वायरी खाल्ल्या, पिन खुपसायचा जॅक लोंबकळायला लागला, एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण आलं, आणि सगळ्यात बारीक तार तुटली म्हणून कुणीतरी मोटरसायकलच्या क्लचवायरमधला एक धागा ताणून बसवला होता.

“हाई काय शे, भो?” अप्पांनी विचारलं.

“गिटार, अप्पा. कलकत्त्याच्या कंपनीची आहे. होईल का?”

“व्हई जाई,” अप्पा म्हणाले. त्यांनी आयुष्यात दुसरं उत्तर दिलेलं नाही.

सगळ्यात आधी त्यांनी गिटारीची मेन वायर शोधली. मागे नाही, खाली नाही. लाइटीला जोडायची कुठे? कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने सांगितलं, अप्पा, हिला लाइट लागत नाही. लाइट लागते ती अॅम्प्लिफायरला. अप्पांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. ज्यांचं सगळं आयुष्य थ्री फेज दिवसा येणार की रात्री यावर उभं आहे, त्यांना बिनलाइटीची इलेक्ट्रिक वस्तू म्हणजे फसवणूकच वाटणार. पण पिकअपचं झाकण उघडलं, आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची वेटोळी दिसली, आणि अप्पांचा चेहरा उजळला. लोखंडी तार चुंबकासमोर थरथरते, वेटोळ्यात करंट तयार होतो. फॅरडेने हे 1831 साली दाखवून दिलं. अप्पांना ते सायकलच्या डायनामोवरून ठाऊक होतं. “म्हणजे ही मोटरच की! फक्त उलटी,” ते म्हणाले. त्या क्षणापासून गिटार कलेच्या प्रांतातून निघाली आणि अप्पांच्या अखत्यारीत आली.

मल्टिमीटर लावला. एका पिकअपने साडेसहा हजार ओहम दाखवले, म्हणजे तो जिवंत. दुसऱ्याने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आत तार तुटलेली. ‘काहीच नाही’ बघून खूश होणारे धंदे जगात थोडे आहेत, रिवाइंडिंग त्यातला एक.

दुकानाच्या बाकावर एव्हाना मंडळ जमलं होतं. गुरुजी रिटायर झाल्यापासून तिथेच असतात. त्यांनी व्हॅन शिपलेचं नाव काढलं. त्यांच्या तरुणपणी सिनेमातली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या शिपलेच्या रेकॉर्डी निघायच्या, गाणारं कोणी नसायचं, तरी शब्द ऐकू यायचे म्हणे. ‘दम मारो दम’मधली गिटार गायक भूपिंदर सिंगची, हेही त्यांनीच सांगितलं. अप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांची वाइंडिंग कोण करायचं?”

मात्र पोराने मोबाइलवर वाचून लिओ फेंडरची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. अमेरिकेत फुलर्टन नावाच्या गावात या माणसाने 1938 साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, 1954 साली जगातली सगळ्यात नावाजलेली गिटार, स्ट्रॅटोकास्टर, बाजारात आणली, आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कधी शिकलाही नाही. अप्पांनी गुरुजींकडे असं पाहिलं, जणू एक जुना दावा हायकोर्टात जिंकला.

पुढचा काळ गिटारीला कठीण गेला. टोनच्या बटणामागे इवलासा कपॅसिटर असतो, साधारण 0.047 मायक्रोफॅरडचा. तो फुटला होता. अप्पांकडे पंख्याचे होते, अडीच मायक्रोफॅरडचे, म्हणजे पन्नासपटीहून मोठे. “मोठा कधीही चांगला,” म्हणून त्यांनी तो लाकूड कोरून बसवला. टोनचं बटण फिरवलं की गिटार आधी विहिरीत उतरायची आणि मग बुडायची. रेडिओच्या जुन्या डब्यातून बारका कपॅसिटर निघाला तेव्हाच ती वर आली.

मेलेला पिकअप भरणं हे खरं काम. पंपाच्या मोटरीची तार मिलिमीटरच्या आसपास जाड. इथली तार 0.06 मिलिमीटर, केसापेक्षा बारीक, आणि टर्न सात-आठ हजार. काडेपेटीहून थोड्या लांब वस्तूत जवळजवळ एक किलोमीटर तार! सुरतेहून रीळ आलं. अप्पांनी हँडलचं वाइंडिंग मशीन पुसलं, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि श्वास रोखला. दोन हजारांवर शेतकऱ्याचा फोन. तीन हजारांवर घरून जेवणाचं बोलावणं. चार हजारांवर गुरुजी शिंकले. शेवटी शटर अर्धं ओढून अप्पांनी रात्री काम पुरं केलं. त्या रात्री गावातल्या दोन मोटरी जळक्या पडून होत्या, आणि त्यांच्या मालकांनी बँडवाल्यांविषयी जे उद्गार काढले ते छापण्यासारखे नाहीत.

गिटार वाजली. पण तिच्यापेक्षा मोठ्याने गुंगाट वाजला. आपल्याकडच्या लाइटीचा पन्नास हर्ट्झचा घुमारा पिकअप आवडीने उचलतो, त्यात शेजारी मोटरचे स्टार्टर. अप्पांचं निदान ठरलेलं: अर्थिंग कच्ची. दुकानामागे खड्डा खणून त्यांनी मीठ-कोळसा घातला. संगीताच्या इतिहासात गिटारीसाठी पृथ्वी खोदल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. खरी अर्थिंग आत सापडली. घोडीखालून व्हॉल्यूमच्या पाठीवर जाणारी वीतभर वायर उंदरांनी नेली होती. ती झाळली, तेव्हा तारांना हात लावला की गुंगाट निम्मा व्हायला लागला. “मग हात काढायचाच नाही,” अप्पांनी नियम केला.

उरलेल्या निम्म्यासाठी पोराने सेथ लव्हर काढला. गिब्सन कंपनीच्या या माणसाने 1955 च्या सुमारास दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडून गुंगाट आपसात मारून टाकला. अप्पांना विरुद्ध फेऱ्यांचं काय कौतुक. मोटर उलटी फिरवणं हा तर रोजचा खेळ. भरलेला पिकअप त्यांनी सोडला आणि उलट्या दिशेने पुन्हा भरला. दोन्ही पिकअप एकत्र लावले. गुंगाट साफ गेला. गिटारही जवळजवळ गेली. दूरच्या डबड्यात डास अडकावा एवढीच उरली. लव्हरने चुंबकही उलटे ठेवले होते, हा भाग पोराने पानाच्या खाली वाचायचा ठेवला होता. चुंबक फिरवला, आणि लाल गिटार अशी खणखणली की समोरच्या पिठाच्या गिरणीतून माणसं बाहेर आली.

भाऊ न्यायला आले तेव्हा ती पुन्हा उघडी होती. अप्पांना एक झाळ ‘फिकी’ वाटली होती. भाऊंनी ती झाकण न लावताच काखेत मारली आणि बिल मागितलं. इथे धंदा अडला. मोटरीचा दर एचपीवर ठरतो आणि गिटारीला एचपी नाही. तांब्याच्या वजनावर काढावं तर तांबं तीस ग्रॅमसुद्धा भरेना. बऱ्याच विचाराने अप्पांनी पावतीपुस्तकातली सगळ्यात खालची ओळ धरली आणि लिहिलं: ‘अर्धा एचपी, सिंगल फेज, सहा तारा.’

भाऊंनी पावती उलटसुलट पाहिली. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: ‘मोटर कोरडी चालवल्यास गॅरंटी राहणार नाही.’

“ही अट गिटारीलाही आहे का, अप्पा?”

“छापील आहे. सगळ्यांना सारखी.”

“मग चिंता नाही,” भाऊ पावती खिशात घालत म्हणाले. “आमचा गिटारवाला लग्नात कोरडा कधी वाजवतच नाही.”