अणदूरला सहकुटुंब मुक्काम : सामानाची यादी आणि कराराचा मसुदा

खंडोबा हे कुलदैवत असलेल्या, पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला पांगलेल्या आणि वर्षातून एकदा एकाच खोलीत दाटीवाटीने मावण्याचा निर्धार करणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती आहे. लॉजवर उतरून खानावळीत जेवणाऱ्यांनी ती वाचली नाही तरी चालेल. "तिथंच रांधू की! नैवेद्य घरचा होईल आणि पोरांची पोटंही बिघडणार नाहीत," असा ठराव ज्यांच्याकडे एकमताने, म्हणजे पुरुषांच्या एकमताने, मंजूर झाला आहे त्यांनी मात्र कागद-पेन घेऊन बसावे.

पिशव्या काढण्याआधी पंचांग काढावे. अणदूर आणि नळदुर्गाजवळचे मैलारपूर अशी खंडोबाची दोन ठाणी आहेत, पण देव एकच. तो सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला असतो. मार्गशीर्षात त्याची पालखी तिकडे जाते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडेच भरते आणि नंतर देव अणदूरला परततो. तेव्हा खोली ठरवताना "पंखा आहे का, पाणी किती वाजता येतं" हे विचारण्याआधी "देव सध्या कुठं आहे" हे विचारावे. दोन्ही गावे पायी गाठण्याच्या अंतरावर आहेत हे खरे. पण कुकर, कणीक, सासूबाई आणि दोन लहान मुले घेऊन ते अंतर एकदा चालून बघावे, म्हणजे पंचांगाचे महत्त्व पटेल.

आता मुख्य मुद्दा. देवाचे हे जाणे-येणे तोंडी भरवशावर होत नाही. दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये त्याचा रीतसर लेखी करार होतो. देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, सगळे कागदावर. साक्षात मल्हारीला कागद लागतो, आणि आपण मात्र "कुकरचं माझ्याकडे लागलं, वन्सं" एवढ्या शब्दावर चौदा माणसांचा भात सोडून देतो! परिणाम ठरलेला असतो. मुक्कामी पोचल्यावर कुकर तीन निघतात आणि शिट्टी एकाचीही निघत नाही. साखर चार ठिकाणांहून येते, मीठ कुठूनच येत नाही. चहापत्तीचे पुडे इतके की टपरी टाकावी, पण गाळणी "तुम्ही आणणार होता ना?" या प्रश्नात अडकलेली. मग कुणाची तरी नवी ओढणी धुऊन तिच्यातून चहा गाळला जातो आणि ती ओढणी ज्या वहिनींची, त्या दोन दिवस मोजून बोलतात.

म्हणून सामानाची यादी करू नये, करार करावा. जिन्नस, आणणाऱ्याचे नाव आणि सही असे तीन रकाने आखावेत. पहिले कलम क्षुद्र वस्तूंचे असावे, कारण मुक्काम मोडतो तो त्यांच्यापायी. पातेली, परात आणि पोळपाट कुणी विसरत नाही. विसरतात ती सांडशी, विळी, काडेपेटी, भांडी घासायची घासणी आणि दिव्याच्या वाती. सांडशीवर विशेष लक्ष ठेवावे. उकळत्या आमटीचे पातेले पदराने उतरवणारी आत्याबाई प्रत्येक घराण्यात एक असतेच. पण तिचा पदर यंदा नायलॉनचा आहे.

शेगडीचे कलम प्रवासावर अवलंबून आहे. सोलापूरपर्यंत रेल्वेने येणार असाल तर गॅसची टाकी डब्यात नेता येत नाही, रॉकेलचा स्टोव्हही नाही. भरलेली टाकी साडीत गुंडाळून "हे देवाचं आहे" म्हणणे हा उपाय कायद्याने आणि धर्माने, दोन्हींनी अमान्य आहे. सोलापूरहून पुढे एसटी. 2023 पासून बायकांना तिथे अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हिशेबी काकांनी बायका एसटीने आणि पुरुष मोटारीने अशी विभागणी सुचवली तर ती जागच्या जागी फेटाळावी. मुंबईचा पुतण्या इंडक्शनची शेगडी आणतो. तिला चालणारे सपाट बुडाचे भांडे तो आणत नाही. समजा आणलेच, तर वीज जाते. आणि दोन्ही असले तरी त्या शेगडीवर वांगे भाजत नाही. चंपाषष्ठीचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा. चातुर्मासात वांगे आणि कांदा वर्ज्य करणारी घरे त्याच नैवेद्याने ते पुन्हा सुरू करतात, म्हणजे चार महिन्यांची भूक त्या वांग्यावर टपलेली असते. अशा वेळी गोवऱ्या पेटवून देणारे स्थानिक माणूस गाठावे, त्याला काका म्हणावे आणि पुतण्याला त्यांच्या हाताखाली द्यावे.

धान्याबद्दल थोडक्यात. ज्वारीचे पीठ पुण्याहून आणू नये. या भागात मालदांडी ज्वारी पिकते. इथल्या गिरणीत दळलेले ताजे पीठ सोडून प्लॅस्टिकच्या पुड्यातले थापत बसलात, तर भाकरी तव्यावर चिरफाळते आणि शेजारच्या खोलीतल्या बायका हळहळून बघतात. ती हळहळ सोसण्यापेक्षा दोन किलो जोंधळे दळून आणावेत. शेंगाचटणी मात्र येताना सोलापुरात घ्यावी आणि किती घ्यावी हा वाद वाहनात बसूनच मिटवावा.

कपड्यांचे कलम एका वाक्यात : पांढरे काहीही नको. इथे "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत भंडारा उधळला जातो, आणि भंडारा म्हणजे हळद. नव्या जावईबापूंच्या सदऱ्यावर ती पडली की कुणीतरी प्रेमाने साबण घेऊन धावते, आणि साबण लागताच पिवळा डाग लाल होतो. मग तो डाग नळाखाली चोळत चार जणी उभ्या, आणि जावईबापू "असू द्या, असू द्या" म्हणत बनियनवर. हळदीचा डाग उन्हात फिकटतो. सदरा धुऊन वाळत घालावा आणि जावयाला सावलीत बसवावे.

तळी भरायला ताट, विड्याची पाने, सुपारी, भंडारा आणि खोबऱ्याच्या वाट्या लागतात. खोबरे घरूनच न्यावे आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशा पिशवीत ठेवावे, नाहीतर तळी उचलायच्या वेळी ताटात खोबऱ्याचा भुगा राहतो. जागरण घालायचे असेल तर वाघ्या-मुरळी आपली वाद्ये आणतात. तुम्ही फक्त जागे राहायचे. जाग हे सामान मात्र कुणीही बांधून नेत नाही. पहाटे दोनला खोलीत बघावे, म्हणजे कळेल.

मुक्काम मार्गशीर्ष अमावास्येला आला तर वरचे सगळे रद्द. त्या दिवशी येळवस. अख्खे गाव शेतात जाते, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि ओळखीच्या माणसाने एकदा "या की शेताकडं" म्हटले, की भज्जी, आंबील, उंडे आणि खीर यांपुढे तुमच्या तीन कुकरांना कुणी विचारत नाही. अशा वेळी न्यायचे सामान म्हणजे रिकामा डबा, तोही मोठा. "नको, जेवून आलोय" हे वाक्य घरी ठेवून जावे.

राहिले शेवटचे कलम, परतीचे. उरलेले तेल आणणाऱ्याकडे परत जाईल. उरलेले पीठ खोली देणाऱ्या घरी द्यावे. उरलेल्या भंडाऱ्याच्या पुड्या करून सगळ्यांना सारख्या वाटाव्यात. भांड्यांवर नावे कोरलेली असली तरी ती मोठ्याने वाचू नयेत. तीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कुणी दिलेले पातेले आज कुणाच्या पिशवीत आहे, हा विषय त्यातून निघतो. आणि हरवलेल्या सांडशीबाबत उभय पक्षांना मान्य असे ठरले, की पुढच्या मुक्कामापर्यंत कुणीही कुणाच्या घरी चहाला गेल्यास ओट्याकडे बघणार नाही.