खजिनदार

स्टाफरूममध्ये डबा उघडून पहिला घास तोंडाशी नेला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, शेणवाल्या मावशी व्हाउचरवर सही करायला तयार नाहीत. काय करू?"

शेजारच्या इंग्रजीच्या मॅडमनी आपला डबा मिटला. मला सवय होती. दोन वर्षं माझं दुपारचं जेवण ताक, गूळ, पाचोळा आणि गांडुळं यांच्या संगतीत चाललं होतं.

"अंगठा घे."

"सही येते सर त्यांना. चौथी पास आहेत. पण म्हणतात, शेणासाठी सही केली तर घरचे हसतील."

हजेरीपटावर त्याचं रीतसर नाव होतं. पण प्राचार्यांपासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत सगळे त्याला खजिनदारच म्हणत. अंगात बिनइस्त्रीचा शर्ट (तेवढीच वीज वाचते), खिशात मोजपट्टी, खांद्याला जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सची शिवलेली पिशवी. पिशवीवर एका पडेल उमेदवाराचा अर्धा चेहरा आणि नमस्कारातला एकच हात. त्यामुळे तो समोरून आला की मत मागायला येतोय की वर्गणी, हे क्षणभर कळत नसे. वर्गणीच असायची.

हा प्राणी आता बऱ्याच कॉलेजांत सापडतो. कधी मुलगा असतो, कधी मुलगी. त्याची गल्लत झाडांवर कविता करणाऱ्या पर्यावरणप्रेमीशी करू नये. तो वेगळा. तो पावसाबरोबर उगवतो, रोपाला हात लावून फोटो काढतो आणि गणपतीबरोबर विसर्जित होतो. खजिनदार हा एप्रिलमधला माणूस. परीक्षा तोंडावर, ऊन डोक्यावर, नळाला पाणी नाही, आणि हा दोन हातांत दोन कॅन घेऊन मैदान ओलांडतोय, असं दिसलं की ओळखावं. त्याला निसर्गाचं प्रेम आहे का, मला आजही सांगता येत नाही. इतरांचे वीस-वीस रुपये आपल्याकडे आहेत, ही गोष्ट मात्र त्याला झोपू देत नाही.

मी मराठीचा मास्तर यात कसा अडकलो, तेही सांगतो. हरित निधी समितीला समन्वयक हवा होता. बॉटनीचे सर म्हणाले, आमचा विषय झाडं आहे, कचरा नव्हे. केमिस्ट्रीच्या सरांना वासाची ॲलर्जी निघाली. मग प्राचार्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. "तुम्ही पानाफुलांच्या कविता शिकवता ना?"

निधी म्हणजे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकानं खुशीनं द्यायचे वीस रुपये. डोकं खजिनदाराचं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली मतदान घेऊन पर्यावरणाच्या कामांसाठी दर सत्राला पाच डॉलर फी स्वतःच स्वतःवर बसवून घेतली, असं त्यानं वाचलं होतं. ऑफिसात त्यानं हे सांगितलं तेव्हा हेडक्लार्क भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फी माफ करा, हप्ते पाडून द्या, याखेरीज विद्यार्थी काही मागू शकतो हे त्यांना नवीन होतं.

"स्वतःहून वाढवली? घरी कुणी मोठं माणूस नव्हतं का त्यांच्या?"

पैसे घ्यायला भाऊसाहेबांची ना नव्हती. अडचण एकच. हेड कुठलं? हेड नसल्यामुळे पहिल्या वर्षीची रक्कम 'किरकोळ जमा'त गेली आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपात तितकीच किरकोळ होऊन संपली. दुसऱ्या कुणी घोषणा दिल्या असत्या. खजिनदारानं एक पानी अर्ज दिला आणि सोबत साडेसहाशे पावत्यांची रोल नंबरवार यादी जोडली. पंधरा दिवसांत तेरा हजार रुपये परत आले आणि वेगळं खातं उघडलं, त्याच्या नि माझ्या सहीचं. मला वाटलं, सुटलो.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आले.

"गांडुळं, दोन किलो," त्यांनी वाचलं. "ही डेडस्टॉकला का चढवली नाहीत?"

"सर, ती जिवंत आहेत."

लेखापरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"नग किती?"

"किलोला साधारण हजार धरतात. म्हणजे दोन हजार."

"प्रत्यक्षात आज किती?"

"आज जास्त आहेत, सर. दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतात."

"खरेदी न दाखवता साठा वाढला?" इतका वेळ पेंगुळलेलं त्यांचं पेन एकदम जागं झालं. "लेखी खुलासा लागेल."

खुलासा पानभर झाला. एकाच गांडुळात नर आणि मादी दोन्ही असतात, तरीही जोडीदार लागतोच. त्यांची अंडी कोषात असतात आणि कोषाचा आकार लिंबासारखा, असं सगळं शास्त्रशुद्ध. शेवटचं वाक्य होतं, 'गांडुळाला हृदयाचं काम करणाऱ्या पाच जोड्या असतात, कणा मात्र नसतो.' याचा लेखापरीक्षणाशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. प्राचार्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. खाली समन्वयक म्हणून माझी सही आहे. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या सहीनं याहून धीट मजकूर बाहेर पडलेला नाही.

खजिनदाराचं खरं राज्य हॉस्टेलमागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. तिथं विटांचे दोन हौद. एकात मेसचं उष्टं आणि भाजीचे देठ अर्धवट कुजवायचे, दुसऱ्यात ते गांडुळांना वाढायचे. सुरुवातीला पहिल्या हौदानं असा काही वास सोडला, की हॉस्टेलच्या मुलांनी वीस रुपये परत मागितले. कारण साधं होतं. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं लागतं, आणि आवारातलं सुकं रोज सकाळी सात वाजता शिपाईकाका झाडून, ढीग करून, काडी लावून मोकळे होत.

इथं मी काकांना धुराचे तोटे सांगितले असते. किंबहुना सांगितलेच. काकांनी ते आदरानं ऐकले आणि काडी ओढली. खजिनदार काही बोलला नाही. साडेसहाला रिकामी पोती घेऊन हजर राहायला लागला. काकांनी झाडायचं, यानं भरायचं. दहाव्या दिवशी यानं प्रत्येक पोत्यामागे काकांच्या नावानं पावती फाडली. 'मिळाले: पाचोळा, पोते १.' रक्कम शून्य. तीस वर्षं झाडू मारणाऱ्या माणसाला त्याच्या कामाची पोच कुणी दिली नव्हती. पुढं काका स्वतः पोतं आणून टाकायचे आणि पावती मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

एकदा मला घेऊन गेला. हौदात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढलं आणि दाबलं. बोटांच्या फटींतून पाणी ओघळलं तर नापास. भुगा होऊन विस्कटलं तरी नापास. त्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी एक काळपट थेंब आला, पडू की नको करत तिथंच थबकला. "पास," खजिनदार म्हणाला आणि मूठ थेट माझ्या नाकाखाली धरली. मी श्वास रोखला होता. पण किती वेळ रोखणार? पहिल्या पावसाचा वास होता.

मेसची तर्री मात्र गांडुळांनी घेतली नाही. तेल, मीठ, तिखट त्यांना सोसत नाही, भराभर कडेला पळतात. हॉस्टेलात बातमी पसरली की गांडुळांनीसुद्धा मेसची भाजी नाकारली. मेसचा ठेकेदार माझ्या घरी आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "सर, पोरांनी नावं ठेवली तर समजू शकतो."

मधेच एक सांगून घेतो. पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली तसा आदेश झाला. एवढ्या थोर न्यायालयाच्या इच्छेला मान देऊन आमची मुलं दरवर्षी 'प्लॅस्टिकचा भस्मासुर' या विषयावर प्रकल्प लिहितात, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून देतात आणि सोबत थर्मोकोलची पृथ्वी जोडतात. खजिनदारानं त्या वर्षी जमा झालेल्या पृथ्व्या मोजल्या. त्रेचाळीस.

झाडांचा किस्सा संस्थेत अजून सांगतात. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला. १९७३ साली तो पहिल्यांदा साजरा झाला तेव्हा आमच्या तालुक्यात पाऊस कधी लागतो, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. ५ जूनला जमीन तापलेली, पाहुणे घामेजलेले. पाहुण्यांनी गाडीतून गुलमोहर आणला होता. खजिनदार नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपल्याकडं बहावा आहे, तामण आहे, आपलं राज्यफूलच ते. हा मादागास्करचा."

पाहुणे म्हणाले, "आम्हीपण बाहेरगावचेच." गुलमोहर लागला.

खजिनदारानं त्याचीही नोंद केली. रोपांचं त्याचं रजिस्टर म्हणजे ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं दप्तर. लावली सतरा, जिवंत बारा, मयत पाच. मृत्यूची कारणं, क्रमानं: बकरी, बकरी, क्रिकेट, मंडप, बकरी. बकरी संस्थेच्या एका संचालकांची होती. भाऊसाहेबांनी तिन्ही ठिकाणी खोडून 'नैसर्गिक आपत्ती' केलं.

नॅकच्या अहवालात दोन 'बेस्ट प्रॅक्टिस' लिहाव्या लागतात. एक आमच्याकडे होती, दुसरीच्या शोधात प्राचार्य हौदापर्यंत आले. मसुद्यात 'शंभर टक्के रोपे जगली' असं वाक्य होतं. खजिनदार रजिस्टर घेऊन केबिनबाहेर बसला, दोन तास. शेवटी 'सतरापैकी बारा' असंच गेलं. भेटीला आलेल्या समितीतले एक वृद्ध सदस्य ते वाचून थांबले. म्हणाले, "इतकी कॉलेजं पाहिली, झाडं मरणारं हे पहिलंच." आम्ही गारठलो. ते हसत होते, हे जरा उशिरा लक्षात आलं.

शेवटच्या वर्षी उरलेल्या पैशांतून चार पंखे घेतले, कमी विजेचे. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा साधारण तिसात भागवतो. पंखे वाचनालयात लागले आणि त्यांच्याबरोबर आलेले चार रिमोट तासाभरात गायब झाले. सापडल्यावर ग्रंथपालांनी त्यांना दाखलक्रमांक दिले. आता ओळखपत्र ठेवून रिमोट मिळतो, फक्त आत वापरण्यासाठी.

निकाल लागला त्या दिवशी खजिनदार घरी आला. मला वाटलं, पेढे. त्यानं फ्लेक्सच्या पिशवीतून पासबुक, पावतीपुस्तकं, रोपांचं रजिस्टर आणि टाकीजवळच्या फाटकाची किल्ली काढली. शिल्लक ३१७ रुपये ५० पैसे. सगळं मिळाल्याबद्दल माझी सही घेतली. मग पाया पडला. त्याही गडबडीत, जाताना माझ्या ओसरीवरचा दिवा बंद करून गेला. दुपारचे दोन वाजले होते.

आता खजिनदार म्हणून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. ती आधीच्यापेक्षा कडक आहे. शेणवाल्या मावशींची सही तिनं पहिल्याच आठवड्यात मिळवली. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळीत दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी तिनं माझं नाव घातलंय, गुलमोहरासकट चार झाडं. विचारलं नाही, फक्त कळवलं.

हौदाला सध्या सुकं कमी पडतंय. तुमच्या सोसायटीत पाचोळा जाळत असतील तर कृपा करून थांबवा आणि पोत्यात भरून ठेवा, आमची मुलं येऊन नेतील. ओला नको, आणि त्यात दुधाच्या पिशव्या नकोत. पावती मिळेल.